कपाटाची किल्ली कुणाकडे? बेळगाव आणि कारवारच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, बेळगाव
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, उत्तर कन्नड, कारवार

विषय : कैगा अणुवीज केंद्राच्या परिसरातल्या गावांसाठी आयोडीनच्या गोळ्यांचा साठा, वाटप आणि मराठीतून सूचना

सन्माननीय महोदय,

मी खानापूर तालुक्यातली निवृत्त फार्मासिस्ट. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत औषधं मोजली, इंडेंट भरले, स्टॉक रजिस्टरवर सह्या केल्या. माझी धाकटी बहीण जोयडा तालुक्यात दिली आहे. आमच्या घरातली म्हातारी माणसं त्या तालुक्याला अजून सुपाच म्हणतात. जुनं सुपा गाव काळी नदीवरच्या धरणात गेलं, तरी तोंडातलं नाव गेलं नाही. तिच्या घरून निघून अणशीचा घाट उतरलं की कद्रा, आणि कद्र्याच्या जलाशयाच्या काठावर कैगा. म्हणजे हा विषय माझ्या नोकरीचा आहे आणि घरचाही.

पत्र दोघांना मिळून लिहिते आहे, कारण कैगा कारवार तालुक्यात असलं तरी तिथून घाटमाथ्यावर येणारा रस्ता रामनगर, लोंढा, खानापूर करत बेळगावलाच येतो. उद्या काही झालं तर माणसं जिल्ह्याची हद्द बघून थांबणार नाहीत.

आधी एक जुनी गोष्ट सांगते. मला त्या दिवसापासूनच हा प्रश्न पडलेला आहे.

जुलै महिना होता. तालुक्याच्या जंगलपट्टीतल्या एका आरोग्य केंद्रात माझी बदली होऊन दोन दिवस झाले होते, चार्ज अजून हातात आला नव्हता. पहाटे चारला एक माणूस आपल्या नऊ-दहा वर्षांच्या पोराला पाठीवर टाकून आला. जमिनीवर झोपलेल्या पोराला मण्यार चावली होती. पापण्या मिटायला लागल्या होत्या, तोंडातून लाळ गळत होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हुशार. त्यांनी सलाईन लावलं आणि माझ्याकडे हात पुढे केला. सर्पविषाची लस दहा कुप्या केंद्रात होती, हे रजिस्टरवर मी आदल्याच दिवशी वाचलं होतं. पण कपाटाला कुलूप होतं, आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते तालुक्याच्या गावी गेलेले. पुलावर पाणी आल्यामुळे रात्रीची एसटी माघारी आली नव्हती.

त्या बापाचं एक वाक्य अजून माझ्या कानात आहे : "औषध हाय म्हणता नव्हं वो बाई, मग काढा की!"

आम्ही फोन लावत बसलो. कुलूप तोडायचं धाडस व्हायला मला चाळीस मिनिटं लागली. शेवटी शेजारच्या घरातून वरवंटा आणला आणि तोडलं. पोरगा वाचला, आज त्याला स्वतःची पोरं आहेत. कुलूप तोडल्याबद्दल मला लेखी खुलासा द्यावा लागला, तो मी दिला, त्याची मला आजही तक्रार नाही. सरकारी माल आहे, हिशेब हवाच. तक्रार एवढीच की पुढच्या वेळी असं झालं तर कपाट उघडण्याचा अधिकार कुणाला, हे त्या खुलाशानंतरही कुणी लिहून दिलं नाही. ती चाळीस मिनिटं औषधाअभावी गेली नाहीत. औषध माझ्यापासून चार हातांवर होतं.

आता आयोडीनच्या गोळीबद्दल. अणुभट्टीत मोठा अपघात होऊन किरणोत्सारी पदार्थ हवेत सुटले, तर त्यात आयोडीन-131 असतं. आपल्या गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला आयोडीन लागतं, आणि आलेलं आयोडीन चांगलं की किरणोत्सारी हे तिला कळत नाही. श्वासातून किंवा दुधातून जे येईल ते ती ओढून घेते. पोटॅशियम आयोडाइडची गोळी आधीच घेतली, तर ग्रंथी साध्या आयोडीनने भरून जाते आणि किरणोत्सारी आयोडीनला आत जागा उरत नाही. ते लघवीवाटे निघून जातं. धर्मशाळेच्या सगळ्या खोल्या आपल्या माणसांनी आधीच भरून टाकाव्यात, तसं हे आहे.

पण खोल्या वेळेवर भरल्या पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या मार्गदर्शनानुसार ही गोळी किरणोत्सार पोहोचण्याच्या आधीच्या 24 तासांत आणि पोहोचल्यानंतर फार तर 2 तासांत घेतली तर पूर्ण उपयोगी पडते. 8 तासांपर्यंत घेतली तरी काही फायदा होतो. 24 तास उलटून गेल्यावर घेतली तर फायद्यापेक्षा अपाय जास्त होऊ शकतो, कारण आत गेलेलं किरणोत्सारी आयोडीन मग बाहेर पडायला उलट वेळ लागतो. माझ्या एकतीस वर्षांत इतकं घड्याळावर चालणारं औषध मी क्वचितच हाताळलं. आणि ज्या औषधाची वेळ तासांत मोजायची, त्याचा साठा कुठे ठेवायचा हे अंतर बघून ठरवून चालत नाही. रस्ता बघावा लागतो, तोही पावसाळ्यातला.

आपण दोघेही हे रस्ते जाणता. 16 जुलै 2024 ला अंकोल्याजवळ शिरूरला डोंगर खाली आला आणि राष्ट्रीय महामार्ग बंद पडला. 2019 च्या ऑगस्टमध्ये कद्रा धरणातून पाणी सोडलं तेव्हा खालच्या गावांत घरं बुडाली, आणि त्याच आठवड्यात इकडे खानापूर-बेळगावही पाण्याखाली होतं. अणशी घाटात दरड पडली की जोयड्याहून कारवारला जायला लोक केवढा वळसा घालतात, ते माझ्या बहिणीला विचारा. अशा दिवशी कारवारच्या गोदामातून निघालेली गोळी घाटाच्या वरच्या वाडीत दोन तासांत पोहोचेल, असं नकाशा पुढ्यात ठेवून कुणी मला दाखवून द्यावं.

कैगाला विरोध म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही, हे स्पष्ट सांगते. तिथे 220 मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या आहेत. पहिल्या दोन 2000 साली वीज देऊ लागल्या, तिसरी 2007 मध्ये, चौथी 2011 मध्ये. पहिल्या भट्टीने 2018 अखेर सलग 962 दिवस न थांबता चालण्याचा विक्रम केला, तेव्हा माझ्या भाच्याला केवढा अभिमान वाटला होता. तो तिथे कंत्राटी कामावर जातो, त्या केंद्रावर त्याचं घर चालतं. पण दुसऱ्या गोष्टीही त्याच ठिकाणी घडल्या आहेत. 13 मे 1994 ला बांधकाम चालू असताना पहिल्या भट्टीच्या घुमटाचा आतला भाग कोसळला. नोव्हेंबर 2009 मध्ये केंद्राच्या आतल्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम हा किरणोत्सारी पदार्थ असलेलं, भट्टीत वापरायचं जड पाणी मिसळलं गेलं आणि पन्नासच्या वर कर्मचाऱ्यांच्या पोटात गेलं. 2017 मध्ये केंद्र सरकारने ज्या दहा नव्या अणुभट्ट्यांना मंजुरी दिली, त्यांत कैगाची पाचवी आणि सहावी आहे, प्रत्येकी 700 मेगावॉटची. केंद्र वाढतं आहे, तर त्याच्याभोवतीची तयारीही त्याच मापाने वाढावी, एवढंच म्हणणं आहे.

आणि 2009 च्या प्रसंगावरून दुसरी एक गोष्ट लोकांना आधीच सांगायला हवी. त्या दिवशी आयोडीनच्या गोळीचा काडीचा उपयोग नव्हता, कारण ट्रिटियमशी तिचा संबंध नाही. सिझियम या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थावर ती चालत नाही, बाहेरून अंगावर पडणाऱ्या किरणांवर चालत नाही. ती फक्त थायरॉईडला आणि फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते. गोळी घेतली म्हणून दार उघडून अंगणात उभं राहिलं तर घात होईल. दारं-खिडक्या बंद करून घरात राहायचं, उघड्यावरचं पाणी आणि दूध घ्यायचं नाही, सूचना आली की निघायचं, आणि या सगळ्याच्या जोडीला गोळी. हे न सांगता नुसत्या गोळ्या वाटल्या तर आपण लोकांच्या हातात खोटा धीर ठेवू.

मग एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. लहान मुलांसाठी. 26 एप्रिल 1986 ला चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत त्या वेळी अठरा वर्षांखाली असलेल्यांमध्ये 2005 पर्यंत सहा हजारांहून जास्त थायरॉईडचे कर्करोग नोंदले गेले. त्यातला मोठा वाटा त्या पहिल्या आठवड्यांत प्यायलेल्या दुधाचा. किरणोत्सार गवतावर बसला, गवत गाईने खाल्लं, दूध मुलांनी प्यायलं. बहुतेक मुलं उपचाराने वाचली, पण गळ्यावरचा व्रण आणि रोज सकाळची गोळी जन्मभरासाठी मागे लागली. शेजारच्या पोलंडने काय केलं? 29 एप्रिलपासून शाळा-दवाखान्यांतून आयोडीनचं द्रावण पाजायला सुरुवात केली, आणि काही दिवसांत एक कोटी पाच लाख मुलांपर्यंत ते पोहोचवलं. मोबाईल नसलेल्या काळात. आठ दिवसांनी अर्धं होणारं ते आयोडीन दोन-अडीच महिन्यांत जवळजवळ संपून जातं. सांभाळायचे दिवस तेवढेच, पण ते सांभाळावे लागतात.

जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रातल्या अपघाताची गोष्ट मला माझ्या कुलपाची आठवण करून देते. मार्च 2011 मध्ये तिथल्या गावोगावच्या कचेऱ्यांत गोळ्या होत्या. वरून आदेश यायचा होता. भूकंपाने संपर्क कोलमडला, सल्ला वेळेवर खाली पोहोचला नाही, आणि बहुतेक लोकांना गोळी मिळालीच नाही. केंद्रापासून साधारण 50 किलोमीटरवर मिहारू नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या नगरपालिकेच्या लोकांनी वारा कुठे वळतो आहे हे पाहिलं, पाऊस येणार हे ओळखलं, आणि 15 मार्चला आदेशाची वाट न बघता चाळिशीच्या आतल्या सात हजारांहून जास्त लोकांसाठी गोळ्या वाटल्या. प्रांताच्या कचेरीतून गोळ्या परत घ्या असं सांगणं आलं, त्यांनी ते मानलं नाही. ही बातमी मी वाचली तेव्हा खूप वेळ हातातलं काम सुचलं नाही. त्या कारकुनांच्या जागी मी असते तर मला किती मिनिटं लागली असती, हे मला माहीत आहे.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य मागणी गोळ्यांच्या आकड्याची नाही. कैगाभोवतीच्या प्रत्येक गावासाठी एका कागदावर तीन नावं लिहा : कपाट कुणाच्या ताब्यात, ते नसतील तर कुणाकडे, आणि फोन लागत नसेल तर कुणाच्या तोंडी शब्दावर उघडायचं. चुकून लवकर उघडलं तरी त्या माणसाला खुलासा द्यावा लागणार नाही, हेही त्याच कागदावर लिहा. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, शाळेचे मुख्याध्यापक, पंचायतीचे विकास अधिकारी (पीडीओ), यांच्यातून माणसं निवडता येतील. सगळ्यांनी मिळून निर्णय घ्यायचा असं मात्र लिहू नका. पहाटे चार वाजता सगळे मिळून कधीच नसतात.

आता साठ्याबद्दल, यात मला थोडं कळतं. ही गोळी लसीसारखी नाजूक नाही. बर्फाची पेटी नको, फ्रीज नको, वीज गेली तरी चालतं. कोरड्या, अंधाऱ्या, थंडाव्याच्या जागी बंद पाकिटात वर्षानुवर्षं टिकते. तिचा वैरी एकच, ओल. आणि आमच्या घाटमाथ्यावर ओलीइतकं दुसरं काहीच मुबलक नाही. कणकुंबी, जांबोटी, अणशीकडे जून ते सप्टेंबर भिंतींना पाझर फुटतो, चपलांवर बुरशी येते, कागद पापडासारखा सादळतो. अशा जागी डब्यात सुट्ट्या गोळ्या ठेवल्या तर ओल आणि उजेड लागून पिवळ्या पडतील. म्हणून अॅल्युमिनियमच्या दोन्ही बाजूंनी बंद असलेली पाकिटंच घ्यावीत. ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत ओल शोषणारी पुडी टाकून, आणि डबा जमिनीवर किंवा भिंतीला टेकून न ठेवता फळीवर. हे साधं आहे, पण मी एका पावसाळ्यात ओआरएसच्या पुड्यांची आख्खी पेटी दगड झालेली पाहिली आहे, म्हणून लिहिते. दर वर्षी मे महिन्यात, पाऊस पडायच्या आत, एकदा मोजणी व्हावी, एक्स्पायरी बघावी, ज्यांची मुदत जवळ आली ती आधी बदलावीत. आणि रजिस्टरची एक प्रत गावातच राहावी.

पण माझं मन विचाराल तर आतल्या वर्तुळात गोळी कपाटात नसावीच, घरात असावी. आपल्याकडे आपत्कालीन नियोजनासाठी 16 किलोमीटरची त्रिज्या धरण्याची पद्धत आहे. तेवढ्या घेरातल्या प्रत्येक घरी मीठ-मिरचीच्या फळीवर एक सीलबंद पाकीट आधीपासून असलं, तर घाट बंद पडो, पूल बुडो. स्वित्झर्लंडमध्ये अणुकेंद्रापासून 50 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना अशा गोळ्या टपालाने घरपोच जातात आणि ठरावीक वर्षांनी बदलून मिळतात. फ्रान्सने आपला घेर 2019 मध्ये 10 वरून 20 किलोमीटरवर नेला. बेल्जियममध्ये औषधाच्या दुकानातून फुकट मिळतात. तिथे लोकांवर विश्वास ठेवून गोळ्या त्यांच्या हाती दिल्या आहेत. आमची माणसं कमी समजूतदार आहेत का?

"खेड्यातल्या लोकांना वयाप्रमाणे डोस कळणार नाही" असं मला एकदा एका कचेरीत सांगण्यात आलं. दर वर्षी 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला शाळा-अंगणवाड्यांत जंताची गोळी देतात ना? एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, त्यावरच्यांना पूर्ण, लहानग्याला चुरून पाण्यातून. ते शिक्षक आणि त्या अंगणवाडीच्या बाई डोळे मिटून करतात. पोलिओच्या रविवारी आमच्या आशा एकेका दारावर खडूने खूण करत डोंगर चढून गेल्या आहेत, धनगरांच्या वाड्यांवर, जिथे मतपेटी सोडून दुसरं काही सरकारी पोहोचत नाही तिथे. 27 मार्च 2014 ला देश पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं त्यात त्यांच्या पायांचा वाटा आहे. आयोडीनचा हिशेब त्याहून अवघड नाही. 65 मिलिग्रॅमची गोळी धरली तर बारा वर्षांवरच्यांना दोन, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना एक, महिन्याच्या बाळापासून तीन वर्षांपर्यंत अर्धी, आणि महिन्याच्या आतल्या तान्ह्याला पाव, चुरून, आणि एकदाच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका आणि लहान मुलं आधी. चाळिशी उलटलेल्यांना तिचा फायदा कमी असतो, तेव्हा साठा थोडा असेल तर माझ्यासारख्यांनी मागे थांबायचं. ज्यांना थायरॉईडचा आजार आहे किंवा आयोडीन सोसत नाही, त्यांची नावं आधीच काढून डॉक्टरांना दाखवून ठेवायची. हे काम आशा पंधरा दिवसांत करतील. फक्त त्याचे पैसे त्यांना वेगळे द्या. दर नव्या कामाची पाटी त्यांच्याच डोक्यावर चढते आणि मानधनाची यादी तेवढीच राहते, हे बरं नाही.

घरोघरच्या यादीत न बसणारी माणसंही असतात. दर वर्षी भारत पौर्णिमेला, म्हणजे माघी पौर्णिमेला, उळवीच्या चन्नबसवेश्वराच्या जत्रेला बेळगाव, धारवाडकडून बैलगाड्यांच्या रांगा लागतात. आठ-आठ दिवस माणसं जंगलातून चालत असतात, बायका-पोरं गाडीत, चुली वाटेवर. उळवी जोयडा तालुक्यात, कैगापासून काही फार लांब नाही. त्या दिवसांत तिथे हजारो माणसं असतात आणि एकाचंही नाव तिथल्या मतदार यादीत नसतं. दांडेली-गणेशगुडीला सुट्टीत येणारी पोरं, शाळेच्या सहली, रस्त्याच्या कामावरचे बाहेरचे मजूर, त्यांचंही तसंच. जत्रेच्या दवाखान्याच्या तंबूत एक जादा पेटी ठेवायला किती खर्च येईल?

आता भाषेचं बोलते. हा पाट्यांचा वाद नाही, कृपा करून तसा वाचू नका. कारवारकडे कोकणी, जोयडा-हळियाळकडे कोकणी, मराठी आणि कन्नड, खानापुरात घरोघर मराठी. माझी बहीण कानडी बोलते, बाजार करते, एसटीच्या कंडक्टरशी भांडतेसुद्धा. पण तिला वाचता येतं ते मराठी. औषधाच्या पाकिटावर "अर्धी" आणि "पाव" यातला फरक तिने पहाटे भीतीने थरथरत्या हाताने वाचायचा आहे, नातू रडतो आहे, बाहेर भोंगा वाजतो आहे. त्या क्षणी तिला तिच्या अक्षरात लिहिलेला कागद हवा. ज्या भागात अल्पसंख्य भाषा बोलणारे 15 टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही छापाव्यात, हा भाषिक अल्पसंख्याकांसाठीचा जुना मान्य नियम आहे, आणि त्यांच्यासाठी खास अधिकारी राज्यघटनेच्या 350 ब कलमात आहे. पण इथे मी नियमाचा आधार घेऊन बोलत नाही. मी एकतीस वर्षं पाकिटावर पेनने सूर्य आणि चंद्र काढून लोकांना सकाळ-संध्याकाळ समजावली आहे. तशीच चित्रं काढा, त्याखाली कन्नड, मराठी आणि कोकणीत दोन-दोन ओळी छापा, आणि भोंगा झाल्यावर लाऊडस्पीकरवरून तिन्ही भाषांत सांगणारी माणसं आत्ताच नेमून ठेवा. सराव होतो तेव्हाही तसंच सांगा. दोन वर्षांतून एकदा केंद्राबाहेरच्या आपत्कालीन सरावाची पद्धत आहे. त्या सरावात एखाद्या म्हातारीच्या हातात कागद देऊन तो तिला वाचायला लावा, गोळी काढून दाखवायला सांगा. रुग्णवाहिका किती वेळात आली याच्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

आणि साहेब, बेळगावने हात झटकू नयेत. खानापूर तालुक्याचं दक्षिण टोक, लोंढ्याचा भाग, कैगापासून सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटरवर येतो. म्हणजे गोळी वाटण्याच्या घेराबाहेर, हे मान्य. पण आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मार्गदर्शनात खाण्यापिण्याची खबरदारी घेण्याचं अंतर कैगातल्या सध्याच्या भट्ट्यांच्या मापासाठी 100 किलोमीटर धरलेलं आहे, आणि 700 मेगावॉटच्या भट्टीसाठी ते 300 किलोमीटरपर्यंत जातं. 100 मध्ये खानापूर येतं, 300 मध्ये बेळगाव शहरही येतं. जंगलपट्टीतल्या गवळ्यांच्या म्हशी उघड्यावर चरतात, ते दूध सकाळी बेळगावच्या चहात आणि दुपारी कुंद्याच्या कढईत असतं. अशा वेळी कुठलं दूध थांबवायचं, कुठे तपासायचं, गवळ्याला त्याची भरपाई कोण देणार, हे आधी ठरलेलं नसेल तर गवळी दूध ओतून देणार नाही. त्याला दोष कसा द्यायचा? शिवाय घाट चढून येणारी माणसं आधी रामनगर आणि खानापूरलाच उतरतील. रामनगरला तर सुपा धरणात गाव गेलेल्यांची घरं आहेत, उठवलेलं माणूस कसं येतं हे त्यांना कुणी शिकवायला नको. तिथल्या दवाखान्यांत गोळ्यांचा साठा असावा, डोस घ्यायचा राहून गेलेल्या मुलाला तिथे तरी तो मिळावा, आणि कुणाला आधीच मिळालेला आहे याची चिठ्ठी त्याच्यासोबत असावी. म्हणजे दोनदा दिला जाणार नाही.

अफवांबद्दल थोडंसं. फुकुशिमानंतर चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मिठासाठी दुकानं रिकामी केली होती. आपल्या मिठात किलोमागे 15 मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे, आणि मोठ्या माणसाच्या एका डोसात साधारण 100 मिलिग्रॅम असतं, म्हणजे तेवढ्यासाठी साडेसहा किलोहून जास्त मीठ खावं लागेल. जखमेवर लावायचं आयोडीन पोटात घेणं तर सरळ विष आहे. हे आत्ता, शांततेच्या दिवसांत, शाळेच्या फळ्यावर गणित म्हणून शिकवता येईल. भोंगा वाजल्यावर कुणी ऐकत नाही.

या पत्राचं उत्तर आपण दोघांनी मिळून, एकाच कागदावर द्यावं, ही विनंती. उत्तरात मला तीनच गोष्टी वाचायच्या आहेत : घाटाच्या वरच्या आणि खालच्या कुठल्या गावांत आज गोळ्या आहेत, त्यांची मुदत कधी संपते, आणि प्रत्येक ठिकाणी किल्ली कुणाकडे आहे. शेवटचं उत्तर तयार नसेल तर पाऊस सुरू व्हायच्या आत तयार करावं.

मी अजून चालू-फिरू शकते. जोयडा, रामनगर, लोंढा, जांबोटी, जिथे बोलवाल तिथल्या आशा आणि अंगणवाडीच्या बायकांना डोस, साठा आणि रजिस्टर मराठीतून शिकवायला मी स्वतःच्या तिकिटाने येईन. कन्नडमधून सांगायला माझी जुनी सहकारी नर्स तयार आहे, कोकणीतून सांगायला बहिणीची सून.

आपली विश्वासू,
एक निवृत्त फार्मासिस्ट
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव